उजव्या कोपऱ्यातलं बोट

चार वाजायला पाच मिनिटं कमी होती आणि ताईच्या बाहेरच्या खोलीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. सोफ्यावर चौघं, खुर्च्यांवर सहा, खिडकीच्या कट्ट्यावर दोघं आणि बाकीचे जमिनीवर मांडी ठोकून. कोपऱ्यावरचा बेकरीवाला ऐन धंद्याच्या वेळी शटर अर्धं ओढून आला होता. वरच्या मजल्यावरची शिंपीण गळ्यातली मोजपट्टी काढायलाही थांबली नव्हती. निवृत्त पोस्टमास्तर पहिल्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून, गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांची पत्रं पोचवली आणि आता तीन वर्षांपूर्वी गेलेल्या बायकोचा निरोप यावा म्हणून ते रोज चारला हजेरी लावत होते.

सगळ्यांचे डोळे लागले होते टेबलावरच्या एका लॅपटॉपकडे. राखाडी रंगाचा, हलका, बोटाने चालणाऱ्या स्क्रीनचा, दुकानात सगळ्यात खालच्या फळीवर मिळतो तसला. तो ताईच्या मुलाचा होता. एकुलता एक मुलगा पाच आठवड्यांपूर्वी कामावरून परतताना बस उलटून गेला होता. मोबाइलचा चुरा झाला होता. लॅपटॉप तेवढा घरी राहिला होता म्हणून वाचला.

टेबलाच्या पलीकडे दुभाष्या बसला होता. हे नाव त्याने स्वतःच स्वतःला दिलं होतं.

"मंडळी, मी कोणी नाही," तो डोळे मिटून म्हणाला. "तिकडचा माणूस बोलतो, मी इकडच्या भाषेत सांगतो. माझं पदरचं एक अक्षरही त्यात नसतं." असं म्हणून तो पदरची बरीच अक्षरं बोलला. दोन वर्षांपूर्वीपर्यंत हाच गृहस्थ दारोदार पाण्याचे फिल्टर विकत असे. तेव्हा तो सांगायचा, पाण्यात न दिसणारे जंतू असतात. आता तो सांगत होता, हवेत न दिसणारी माणसं असतात. आवाज तोच, हात उडवणंही तेच.

"हात मागे घ्या. डोळे मिटा. दहा अंक मोजा. कुणीही स्क्रीनला शिवायचं नाही."

दाराच्या चौकटीला टेकून टायपिंगच्या बाई उभ्या होत्या. त्यांनी डोळे मिटले नाहीत. त्या ताईच्या धाकट्या बहीण. चौतीस वर्षं त्यांनी टायपिंगचा क्लास चालवला, अर्ध्या गावाची बोटं त्यांच्या हाताखालून गेली, त्यामुळे सख्ख्या बहिणीशिवाय सगळं जग त्यांना बाईच म्हणे. नवं यंत्र दिसलं की ते आधी चहूबाजूंनी न्याहाळायचं ही त्यांची जुनी खोड होती. म्हणून त्यांना दिसलं की लॅपटॉपच्या कडेला, वायर जिथे खुपसतात तिथे, काळ्या चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा लावलेला आहे. दिसलं आणि त्यांनी सोडून दिलं. पुढे या सोडून देण्याचा त्यांना फार पश्चात्ताप झाला.

दहा अंक झाले. डोळे उघडले. आणि स्क्रीन हलली.

कुणाचंही बोट नव्हतं. बातम्यांचं पान आपोआप वर सरकलं, थबकलं, पुन्हा सरकलं. मग जणू कुणी टिचकी मारावी तशी एक जाहिरात उघडली. प्रेशर कुकरची.

"आहा!" दुभाष्या पुटपुटला. "वाफ! पोस्टमास्तर, हे तुमच्यासाठी आहे. आत वाफ कोंडलीय. तुम्ही मनातलं कुणाला सांगत नाही. ती म्हणतेय, शिटी होऊ द्या."

पोस्टमास्तरांनी हुंदका दिला. सगळ्या खोलीने तोंडात बोटं घातली. बेकरीवाल्याच्या वाट्याला पळायचे बूट आले, म्हणजे त्याचे वडील तिकडे अजून पायीच हिंडत होते. बाईंना हसू फुटणार होतं, तेवढ्यात ताई उठली आणि त्यांचं हसू घशातच राहिलं.

ताईच्या छातीत गाठ निघाली होती. तपासणी झाली होती आणि पुढच्या गुरुवारी ऑपरेशन ठरलं होतं. सर्जनबाईंनी स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं, की गाठ लहान आहे, वेळेत सापडली आहे, आता काढली तर पुष्कळ वर्षं मिळतील.

"त्याला विचारा," ताई म्हणाली. "मी जाऊ का?"

दुभाष्याने हॉस्पिटलचं पान उघडून ठेवलं. ताईचं नाव, गुरुवारची तारीख, खाली डावीकडे 'बदल करा' आणि उजव्या कोपऱ्यात 'रद्द करा'. हात मागे, डोळे बंद, दहा अंक. पान किंचित थरथरलं. उजव्या कोपऱ्यातला चौकोन दबला. 'खात्री आहे ना?' असं पानाने विचारलं आणि त्याच कोपऱ्यातलं 'हो'ही दबलं. तारीख पुसली गेली.

ताईच्या चेहऱ्यावर पाच आठवड्यांत पहिल्यांदा आनंद दिसला.

"बघितलंस, धाकटे? त्याने स्वतःच्या हाताने रद्द केलं. आईला कापू द्यायचं नाहीय त्याला."

"ताई, हा बिघाड आहे! यंत्र बिघडलंय!"

"कसला बिघाड?" दुभाष्याने मधाळ आवाजात विचारलं. "सांगा ना. तुम्ही तर जाणकार."

बाईंना सांगता आलं नाही. त्यांना ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक नसलं की माणूस जे करतो तेच त्यांनी केलं, भाषण ठोकलं. विज्ञानाचं युग, शिकलेली माणसं, लाज कशी वाटत नाही, वगैरे. शिंपीण म्हणाली, "बाई, हा तुमचा क्लास नव्हे." कुणीतरी हसलं. बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या आणि त्या आणखी जोरात बोलल्या. शेवटी ताई शांतपणे म्हणाली, "तुला मूल झालं नाही, धाकटे. तुला नाही कळायचं. तू जा."

बाई गेल्या. जिन्यात स्वतःच्या चपला शोधताना त्यांना काही दिसत नव्हतं. तुझ्या घराची पायरी चढणार नाही, असं त्या खालूनच ओरडल्या. एकसष्टाव्या वर्षी माणूस इतका पोरकटपणा करू शकतो.

*

चार महिने गेले. पहिले काही आठवडे बाई रोज फोन करत होत्या, ताई उचलत नव्हती. त्यांनी लेख पाठवले, डॉक्टरांच्या मुलाखती पाठवल्या. उत्तर आलं नाही. हॉस्पिटलात जाऊन त्यांनी नवी तारीख मागितली, तर खिडकीतल्या मुलीने नम्रपणे सांगितलं की पेशंटने स्वतः आलं पाहिजे. बेकरीवाल्याकडून बातम्या कळत. दुभाष्या आता ताईकडेच राहतो. भाच्याच्या खोलीत, भाच्याच्या पलंगावर. दोन वेळचं जेवण ताईच वाढते, कारण मुलाचा निरोप्या उपाशी कसा ठेवायचा? बाईंनी हे ऐकलं, पावाची लादी घेतली आणि पाव तिथेच विसरून घरी गेल्या.

मग एके सकाळी वाचनालयातून ग्रंथपालांचा निरोप आला. ग्रंथपाल म्हणजे कमी बोलणारा, चष्म्यावरून बघणारा माणूस.

"बाई, वाचकांसाठी बारा लॅपटॉप घ्यायचेत. लोक काय करणार? बातम्या वाचणार, फॉर्म भरणार, तिकिटं काढणार, मेल बघणार. त्यापलीकडे काही नाही. स्वस्तातला एक नमुना आलाय. चालेल का ते तपासून द्या. मला तुमच्याशिवाय कुणाचा भरवसा नाही."

खोक्यातून राखाडी लॅपटॉप निघाला. अगदी भाच्याच्यासारखाच. त्याला हा घ्यायला सांगणाऱ्याही त्याच. 'घे रे, रोजच्या कामाला रग्गड आहे,' असं त्या म्हणाल्या होत्या.

पण काम म्हणजे काम. बाईंची एक वही होती. क्लासमध्ये नवा टाइपरायटर आला की त्या प्रत्येक कळ दहा वेळा दाबून बघत आणि मगच पावतीवर सही करत. विक्रेते वैतागत, पण तीच रीत त्यांनी कॉम्प्युटरलाही लावली होती. त्या मागच्या खोलीत जाऊन बसल्या आणि वही उघडली.

पान उघडायला लागणारा वेळ: चष्मा पुसून होतो तोवर. पाच पानं एकदम उघडी: ठीक. बारा पानं: धाप लागते. फॉर्म भरणे: स्पेसबार डाव्या टोकाला अडकतो, वाचकांचे शब्द एकमेकांना चिकटतील. पाठीमागे खिडकी असल्यास: बातमीऐवजी स्वतःचं नाक दिसतं. बॅटरी: खोक्यावर दहा तास छापलेत, प्रत्यक्षात सहा तास दहा मिनिटं. खोक्यावरचा तास आखूड असावा. मग त्यांनी स्क्रीनवर चौकड्यांचं चित्र उघडलं आणि एकेका चौकडीला बोट लावत गेल्या. एकही चौकडी चुकली नाही. बोट: उत्तम.

शेवटची चाचणी चार्जरची. ही बाईंची स्वतःची होती, ती कुठल्या पुस्तकात नव्हती. त्यांचं म्हणणं साधं होतं. खोक्यातला चार्जर सहा महिन्यांत हरवतो आणि मग लोक हाताला येईल तो खुपसतात. म्हणून वाचनालयाच्या खणात साठलेल्या बेवारशी चार्जरांमधले चार त्यांनी बाजूला काढले. पहिला ठीक. दुसरा ठीक. तिसरा हलका होता, त्यावर कुठल्याही कंपनीचं नाव नव्हतं. तो त्यांनी भिंतीत खोचला आणि वहीत वेळ लिहायला मान खाली घातली.

मान वर केली तेव्हा पान आपोआप वर सरकत होतं.

खोलीत कुणी नव्हतं. स्क्रीनवर एक जाहिरात उघडली, मिटली, पान थरथरलं आणि पुन्हा सरकलं. चौतीस वर्षं यंत्रांत घालवलेल्या, चार महिने सगळ्यांना अडाणी म्हणणाऱ्या बाई त्या रिकाम्या खोलीत हळूच म्हणाल्या, "तू आहेस का रे?"

उत्तरादाखल स्क्रीनने खोल्या भाड्याने देणाऱ्यांचं पान उघडलं.

आपण काय बोललो हे बाईंना कळलं आणि त्या ओशाळल्या. पण त्या क्षणी त्यांना ताई जितकी समजली तितकी चार महिन्यांत समजली नव्हती. मग त्यांनी हात लांब करून प्लग काढला. स्क्रीन निपचित झाली. प्लग लावला, हलली. काढला, थांबली. असं त्यांनी अकरा वेळा केलं आणि अकराही वेळा वहीत टिपलं. चौकड्यांचं चित्र पुन्हा उघडून शंभर खोटे स्पर्श कुठे पडतात तेही मोजलं. त्रेसष्ट उजव्या कोपऱ्यात, खाली.

तिथे 'रद्द करा' होतं.

बाई खुर्चीत मागे टेकल्या. अशा स्क्रीनला बोट कळतं ते विजेच्या बारीकशा बदलावरून. चांगला चार्जर वीज स्वच्छ करून देतो, भिकार चार्जर तिला थरथरती सोडतो, आणि काचेला वाटतं बोट लागलं. कोपऱ्याशी वायरी एकवटल्या असतील म्हणून तिथे जास्त. एवढंच. यात कुठलंही पलीकडलं जग मावत नव्हतं. दुभाष्याच्या काळ्या चिकटपट्टीखाली काय आहे तेही आता त्यांना कळलं. चार्जिंगचा दिवा. वीज कधी सुरू होते ते लोकांना दिसू नये म्हणून.

आणि मग त्यांना एक प्रश्न पडला. ताईकडे बाजारातला चार्जर आला कशाला? भाच्याचा स्वतःचा कुठे होता?

अपघाताच्या आधीच्या रविवारी भाचा त्यांच्याकडे जेवायला आला होता. त्यांच्या फोनवरची अक्षरं त्याने मोठी करून दिली, लॅपटॉप चार्ज केला, घाईत निघाला. कोपऱ्यावरून फोन केला, "मावशी, चार्जर राहिला गं. पुढच्या रविवारी नेतो." बाईंनी वायर नीट गुंडाळली, दोऱ्याने बांधली, त्यावर टाइप केलेली चिठ्ठी डकवली आणि कपाटाच्या खणात ठेवली.

त्या घरी आल्या, खण उघडला. चार्जर तिथेच होता. चिठ्ठीवर लिहिलं होतं: भाच्याचा आहे, परत देणे.

*

दुसऱ्या दिवशी चारला बाई ताईच्या दारात उभ्या राहिल्या. एका पिशवीत वाचनालयाचा लॅपटॉप आणि बेवारशी चार्जर, दुसरीत भाच्याचा चार्जर. गर्दी पूर्वीपेक्षा वाढली होती. ताई पूर्वीपेक्षा अर्धी झाली होती. ब्लाउज खांद्यावरून उतरत होता. तिने बाईंकडे बघितलं आणि सोफ्यावर जरा सरकून जागा केली. आज भाषण करायचं नाही, असं त्यांनी वाटेभर स्वतःला बजावलं होतं.

"या, बाई, या," दुभाष्या म्हणाला. "अविश्वासालाही इथे आसन आहे."

"आसनाचंच म्हणत होते. जरा पाय वर घेऊन बसता का?"

"म्हणजे?"

"मांडी घाला खुर्चीवर. बाकी काही नको. मग बोलवा तिकडच्यांना."

दुभाष्या हसला, पण पाय वर आले नाहीत. बेकरीवाल्याने वाकून टेबलाखाली बघितलं. तिथे वायरीचा बोर्ड होता आणि त्याच्या बटणावर दुभाष्याच्या उजव्या पायाचा अंगठा विसावला होता.

"पाय ठेवायला जागा नको का माणसाला?" दुभाष्या म्हणाला.

बाईंनी नखाने काळी चिकटपट्टी खरवडून काढली. "पोस्टमास्तर, तुम्ही या. तुम्हीच करा. मी हात लावत नाही. ते बटण दाबा."

पोस्टमास्तर उठले, खाली बसले, बटण दाबलं. लॅपटॉपच्या कडेला नारिंगी दिवा लागला आणि पान सरकू लागलं.

"बंद करा."

दिवा गेला. पान थांबलं.

"पुन्हा."

त्यांनी पाच वेळा केलं. प्रत्येक वेळी त्यांचा हात अधिक सावकाश चालत होता. खोलीत बटणाचा टिकटिक आवाज तेवढा येत होता. मग बाईंनी दुसरा लॅपटॉप काढून शेजारी ठेवला, बेवारशी चार्जर जोडला. तोही हलू लागला. एक पान उघडलं, दुसरं मिटलं.

"हा कालच खोक्यातून निघालाय," बाई म्हणाल्या. "याला कुणी वापरलेलाच नाही. यात कोण गेलंय, सांगा बरं दुभाषी?"

बेकरीवाला खो खो हसला. आणखी दोघं हसले. बाईंनी भाच्याच्या लॅपटॉपला भाच्याचा चार्जर लावला. दिवा लागला. स्क्रीन तशीच राहिली. पाच मिनिटं, दहा मिनिटं, सगळे टक लावून बसले. काही हललं नाही.

"म्हणजे तो कुकर..." पोस्टमास्तर म्हणाले.

"जाहिरात होती, मास्तर. जो लॅपटॉप उघडाल त्यावर दिसेल."

त्यांनी मान हलवली. शर्टाच्या खिशातून चष्म्याचं घर काढलं, पुन्हा ठेवलं, आणि कुणाकडेही न बघता जिना उतरून गेले. ते त्यानंतर कुठल्याच चारला कुठे दिसले नाहीत.

इथे गोष्ट संपायला हवी होती. ठग उघडा पडला, यंत्राची कळ सापडली, मंडळींनी डोळे चोळून घरी जायला हवं होतं. पण दुभाष्या फिल्टर विकून तयार झालेला माणूस होता. एका नकाराने तो दारातून हलत नसे.

"मंडळी!" तो उभा राहिला. "मी चार महिने जे सांगू शकलो नाही ते बाईंनी दहा मिनिटांत सिद्ध केलं! ते विजेच्या वाटेनेच येतात. वाट बंद, येणं बंद. वाट उघडली की आले. आणि हा कंपनीचा चार्जर? त्यात गाळणी असते, गाळणी. वीज गाळली जाते, मग माणूस पलीकडेच अडकतो!"

"आणि हा नवा लॅपटॉप?" बेकरीवाल्याने विचारलं.

"मोकळं घर. कुणीही शिरेल. म्हणून तर मी कुणालाही हात लावू देत नाही."

त्यांनी खोलीभर नजर फिरवली. निम्म्या माना हलत होत्या.

"बरोबर आहे," शिंपीण म्हणाली. "माझ्या मुलीचाही असलाच लॅपटॉप आहे. तुम्ही वर या." मग ती बाईंकडे वळली आणि तिचा आवाज चिरका झाला. "तुमचं काय जात होतं हो? माझी आई रोज चारला यायची. आता कुठून आणू?"

आई कुठूनच आणता येत नाही, हे त्या दुसऱ्या शब्दांत कसं सांगणार होत्या? दुभाष्याने बाजारातला चार्जर खिशात घातला, भाच्याच्या खोलीतून स्वतःची बॅग आणली आणि जिना चढून वर गेला. त्याच्या मागे पंधराएक माणसं गेली. बाकीची खाली उतरली. बेकरीवाला जाताना म्हणाला, "बाई, मला आधीच शंका होती हं." तीही थापच होती.

खोलीत दोघी बहिणी राहिल्या. ताई बंद पडल्यासारख्या स्थिर स्क्रीनकडे बघत होती.

"धाकटे, मग त्या दिवशी रद्द कुणी केलं?"

"कुणीच नाही, ताई."

"म्हणजे चार महिने मी तिथे नसलेल्याचं ऐकत होते," ती म्हणाली. "आणि तू बोलत होतीस ते ऐकत नव्हते."

"मी बोलत नव्हते, ताई. ओरडत होते. आणि त्याचा चार्जर माझ्याच खणात होता. तेव्हाच आणून लावला असता तर..." ताईने त्यांचा हात हातात घेतला. ताईच्या हाताला वजनच उरलं नव्हतं.

*

सर्जनबाईंनी नवे फोटो प्रकाशावर धरले आणि बराच वेळ धरून ठेवले.

"चार महिन्यांपूर्वी..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या. चांगल्या बाई होत्या, वाक्य पुरं केलं नाही. "आता कापून उपयोग नाही. पसरलंय. औषधांनी थोडे महिने मिळतील."

घरी आल्यावर ताई पलंगावर पडली. भाच्याच्या पलंगावर, कारण चादर बदलल्यावर ती खोली पुन्हा त्याची वाटू लागली होती. थोड्या वेळाने म्हणाली, "त्याने स्वतःच्या बोटाने काय काय बघितलं, ते त्यात राहतं ना? शेवटचं? तेवढं दाखव. त्याचं खरं."

बाईंना एकदम बरं वाटलं. हे त्यांना करता येण्यासारखं होतं. माणूस गेला तरी त्याने उघडलेल्या पानांची यादी यंत्रात असते. बसचं वेळापत्रक असेल, आईच्या गुडघ्यासाठी शोधलेला पट्टा असेल, काहीही. ते खोटं नसतं, ते त्याचंच असतं. त्यांनी यादी उघडली आणि खाली खाली सरकत गेल्या. प्रेशर कुकर. बूट. भाड्याच्या खोल्या. कुकर. गाद्या. कुकर. रोज चार वाजताच्या ओळी, शेकड्यांनी. त्या तळापर्यंत गेल्या. तळाशीही बूटच होते.

यंत्र नव्वद दिवसांचीच यादी ठेवत होतं. त्याआधीचं आपोआप पुसलं जात होतं. भाच्याने उघडलेलं प्रत्येक पान त्यातून केव्हाच गेलं होतं आणि त्याच्या जागी कुणाचीच नसलेली पानं येऊन बसली होती.

"काय आहे गं?" ताईने विचारलं.

बाईंना एक सोपी थाप सुचली होती. गुडघ्याचा पट्टा, म्हणून सांगता आलं असतं. ताईने चष्मा लावला नव्हता. बाईंच्या जिभेवर ती आलीही, पण अशाच एका दयाळू थापेपायी आपण इथे येऊन बसलोय हे त्यांना आठवलं.

"काही उरलं नाही, ताई. पुसलं गेलं."

ताईने डोळे मिटले. "बरं झालं सांगितलंस," ती म्हणाली, आणि भिंतीकडे कूस वळवली.

ताई त्यानंतर अकरा आठवडे होती. त्यातले बरेचसे दिवस चार वाजता वरच्या मजल्यावर जाणाऱ्या पावलांचा आवाज ऐकत गेले. रोज पावलं वाढत होती. शिंपिणीच्या मुलीच्या लग्नाची तारीख तिकडच्यांनी बदलली, अशी बातमी बेकरीवाल्याने आणली. बाई दोनदा वर गेल्या. दार उघडलं नाही.

वाचनालयाला द्यायचा अहवाल बाईंनी ताईच्या उशाशी बसून टाइप केला. ग्रंथपालांनी तो चष्म्यावरून वाचला आणि शेवटचा परिच्छेद तसाच छापून बाराही लॅपटॉपच्या झाकणांवर डकवला. लोक तो फारसे वाचत नाहीत. तो असा:

'यंत्र रोजच्या वापराला पुरेसे आहे. खोक्यातलाच चार्जर वापरावा. स्क्रीन आपोआप हलू लागली तर हात जोडण्याआधी हात लांब करावा आणि प्लग काढून बघावा. थांबली, तर तिथे कुणी नव्हते. तुम्हाला तिथे कुणी असावे असे कितीही वाटत असले, तरी नव्हते. कुठलीही अद्भुत गोष्ट दिसली तर आधी एकदा प्लग काढून बघा, आणि आपल्या माणसावर ओरडण्याआधी त्याच्या शेजारी बसून बघा. याला एक मिनिट लागते. माझ्या बहिणीसाठी मला ते मिनिट चार महिन्यांनी मिळाले.'